काळी चारऐवजी काळी पाच

दीप्ती गमरेला लोक 'रसिकाची बहीण' म्हणायला लागले तेव्हा ती तीस वर्षांची होती, आणि त्यातली बावीस वर्षं तिने गाण्यात घातली होती.

गमऱ्यांची तिन्ही पोरं अलोऱ्याच्या कॉलनीत वाढली. वडील सखाराम वीजप्रकल्पावर वायरमन. दिवसभर खांबावर, आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत. चौदा एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो, सखाराम गमऱ्यांचा आवाज लागल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाल्यासारखा वाटत नसे. आठ वर्षांच्या दीप्तीला त्यांनी जयंतीच्या स्टेजवर स्टुलावर उभं केलं, कारण माईक तिच्या उंचीला येत नव्हता. तिचं गाणं ऐकून कॉलनीतल्या बाया डोळे पुसत होत्या, असं तिची आई चंपा अजून सांगते. त्यानंतर दीप्ती थांबली नाही. आठवड्यातून दोनदा एसटीने चिपळूणला जाऊन पेटी शिकली, परीक्षा देत देत विशारद झाली. धाकट्या दोघांनाही तिनेच तयार केलं. सम्यक चार वर्षांनी लहान. त्याच्या हातात जन्मतःच ठेका होता, जेवायला बसला तरी ताट वाजवायचा. रसिका आठ वर्षांनी लहान. तिला सारेगम दीप्तीने मांडीवर बसवून शिकवलं. पण पोरगी आळशी. रियाजाला बसवली की आधी तिला तहान लागायची, मग झोप यायची.

सखाराम निवृत्त झाल्यावर बिऱ्हाड रत्नागिरीत कुवारबावला आलं आणि भावंडांचा बँड उभा राहिला. आधी नाव होतं 'गमरे भावंडं'. सम्यकने ते बदलून 'गमरेज' केलं. म्हणाला, पोस्टरवर बरं दिसतं. दीप्ती की-बोर्ड वाजवायची आणि पुढचा आवाजही तिचाच. सम्यक ऑक्टोपॅडवर. रसिका बाजूला उभी राहून कोरस द्यायची आणि पब्लिककडे बघून हसायची. हळदी झाल्या, कॉलेजांची गॅदरिंग झाली, देवरूख-लांज्यापर्यंत नाव गेलं. मग दीप्तीला वाटायला लागलं की दुसऱ्यांची गाणी किती दिवस गायची? तिने स्वतःचं गाणं लिहिलं, चालही स्वतःच लावली. मिरकरवाड्याच्या बंदरावर कुणाची तरी वाट बघणाऱ्या मुलीचं गाणं होतं ते.

*उद्या येतो म्हणालास रे, उद्याचा झाला काल.*

या एका ओळीवर तिने महिना घालवला होता.

बंदरावरच गाण्याचा व्हिडिओ करायचं ठरलं, आणि शूटिंगच्या दिवशी पडशाने दीप्तीचा घसा बसला. आवाजच फुटेना. दिवस पुढे ढकलावा तर ओळखीच्या रेहानची होडी शूटिंगसाठी मागितलेली, ती दुसऱ्या दिवशी समुद्रात जाणार होती.

"मी गाते ना तात्पुरती," रसिका म्हणाली. "मागनं तुझा आवाज टाकू."

बर्फाच्या ढिगाशी, जाळ्यांच्या राशीवर बसून ती गायली. रसिकाचा आवाज जरा घोगरा. सूर लागायच्या आधी क्षणभर अडखळायचा, आणि मग असा लागायचा की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. लिलावाला आलेल्या कोळणी खरंच टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. कॅमेऱ्यात ते सगळं आलं. घरी येऊन सम्यकने ते तीनदा लावलं आणि म्हणाला, "ताय, हे असंच ठेवूया काय?"

दीप्ती "ठेव" म्हणाली. नाही म्हणायला कारण काय द्यायचं, तेच तिला सुचलं नाही.

महिन्याभरात गाणं अठरा लाख लोकांनी बघितलं. आणि मग सगळंच उलटं झालं. रसिका पुढे आली, दीप्ती मागे गेली. कुणी ठरवलं नाही, फक्त माईकची जागा बदलली. आठवडा बाजारात, एसटी स्टँडवर पोरी रसिकाला घेरायच्या आणि मोबाईल दीप्तीच्या हातात द्यायच्या. "ताई, जरा आमचा फोटो काढता?" ती काढायची. एकदा तर दीप्तीने मुद्दाम रसिकाचा चेहरा अर्धा कापला, आणि नंतर दिवसभर स्वतःवरच चिडत राहिली. व्हिडिओखालच्या शेऱ्यांत कुणी लिहिलं होतं, 'पेटीवाल्या काकू कोण आहेत?' त्यावर हसणारी चाळीस तोंडं होती. दीप्तीने ती मोजली होती.

आपल्याला जे लागलंय त्याला काय म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. ती काही भाबडी नव्हती. रसिका सकाळी नऊला उठून, तोंड न धुता, चहाच्या कपाशी गुणगुणायची आणि जो सूर दीप्तीला पहाटेच्या दहा-दहा वर्षांच्या रियाजाने मिळाला नव्हता तो तिथे स्वयंपाकघरात सहज लागून जायचा. घरात सगळ्यांना रसिकाचा आवाज 'गोड' वाटायचा. तो काय दर्जाचा आहे हे मात्र एकट्या दीप्तीलाच नेमकं कळत होतं. मत्सराला कान फार तयार असतात.

तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत मुंबईहून फोन आला. पेजवर नंबर दीप्तीचा होता.

"मी राही बोलतेय, म्युझिक कंपनीतून. रसिका गमऱ्यांशी बोलायचं होतं. आपण त्यांच्या मॅनेजर का?"

दीप्ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. हातात रसिकाचाच कुर्ता होता.

"हो," ती म्हणाली. "मॅनेजर."

राहीने सांगितलं, त्यांना रसिकाचं एकटीचं गाणं करायचंय. चांगला संगीतकार आहे, मोठा स्टुडिओ आहे. पुढच्या महिन्यात ती स्वतः रत्नागिरीला येईल, प्रत्यक्ष ऐकेल, मग ठरवू. "भावंडांचा बँड छानच आहे हो, पण आम्हाला तो आवाज हवाय."

निरोप लपवायचा विचार दीप्तीच्या मनात आला नाही असं नाही. जिना उतरेपर्यंत होता. पण खाली सखाराम टीव्हीसमोर बसले होते, त्यांनी विचारलं, "कोनाचा फोन?" आणि तिने सांगून टाकलं. सखाराम चपला घालून तसेच पेढे आणायला गेले. रसिकाने दीप्तीला मिठी मारली, उचललीच जवळजवळ. "ताय, तू येशील ना गो माझ्यासोबत? मला त्यातलं काय कळणार नाय."

"बघू," दीप्ती म्हणाली.

राही यायच्या आठवडाभर आधी शहरातल्या नाट्यगृहात 'गमरेज'चा शो होता, दुपारी चारचा. थिएटर भरलेलं. पहिल्या रांगेत सखाराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले, शेजारी चंपा. शेवटून दुसरं गाणं 'उद्याचा झाला काल'. रसिकाने माईक हातात घेतला आणि म्हणाली, "आता माझं गाणं."

लोकांनी शिट्ट्या मारल्या.

ती तीनच शब्द बोलली होती, तेही बोलण्याच्या ओघात. पण दीप्तीच्या कानात ते उकळत्या तेलासारखे पडले. माझं गाणं. महिनाभर रात्रंदिवस डोक्यात घोळवलेली ओळ, खाडाखोड करून भरलेल्या चार वह्या, आणि हिचं गाणं!

गाणं ते कायम काळी चार पट्टीत धरायचे. पट्टी म्हणजे गाण्याचा 'सा' कुठे ठेवायचा ते. रसिकाचा आवाज वरच्या ओळीला जेमतेम पोचायचा तो काळी चारमध्येच. की-बोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं तीच ठेवून अख्खं गाणं वर सरकतं. दीप्तीचं बोट त्या बटणावर गेलं. एकदा दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. काळी चारची काळी पाच झाली, आणि तिने सुरुवातीची धून वाजवायला घेतली.

सम्यकच्या ठेक्याला सुराशी देणंघेणं नव्हतं. रसिकाने धून ऐकली, त्यातून नेहमीसारखा सूर उचलला आणि गायला लागली. मुखडा ठीक गेला. पहिलं कडवं ओढून ताणून गेलं. दुसऱ्या कडव्यात ती ओळ आली, जिथे आवाज एकदम वर न्यायचा असतो, आणि रसिकाचा आवाज चिरकला. तिने डोळे मिटून पुन्हा घेतला. पुन्हा चिरकला, या वेळी जास्त वाईट. मागे कुणीतरी पोरगा हसला.

त्या क्षणी दीप्तीने आपल्या माईकवर ती ओळ उचलली. तिच्या तयारीच्या गळ्याला काळी पाच म्हणजे काहीच नव्हतं. स्वच्छ, रेषेवर चालावं तसा सूर लागला. तिने कडवं पुरं केलं, मुखड्यावर आली, आणि थिएटरने टाळ्यांचा कडकडाट केला. सम्यक ओरडला, "दीप्ती गमरे!" आणि लोकांनी नाव घेतलं. तीन वर्षांनी.

तिला सुख झालं. हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. अंगावर काटा येण्याइतकं सुख झालं. मग तिचं लक्ष रसिकाकडे गेलं. ती गळ्याला हात लावून उभी होती आणि टाळ्या वाजवत होती, बहिणीसाठी.

रसिकाचा धीर खचला. दुसऱ्या दिवशी सम्यक तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. घशात काही नव्हतं. घरी दीप्तीने की-बोर्ड लावला, काळी चारमध्ये. बटण तिने शो संपताच पूर्ववत केलं होतं. रसिका गायली आणि ती ओळ लख्ख लागली. रसिका आणखी पांढरी पडली.

"घरी लागतो," ती हळू म्हणाली. "लोकांसमोर नाय लागत. म्हणजे गळ्यात खोट नाय ताय. माझ्यातच हाय."

"असं काय नसतं," सम्यक म्हणाला. "एखादा दिवस खराब जातो."

"तुला नाय कळत. मी दोनदा घेतला. दोनदा फुटला." तिने दीप्तीकडे बघितलं. "तू नसतीस तर माझी काय अवस्था झाली असती गो?"

दीप्ती की-बोर्डवरचं कापड सारखं करत राहिली.

पुढचे सहा दिवस एका वाक्याचं काम होतं. सकाळी चहा ओतताना वाक्य जिभेवर यायचं, तेवढ्यात कुणीतरी आत यायचं. किंवा कुणी यायचं नाही, आणि ती साखर हलवत बसायची. रसिका गुणगुणायची थांबली. स्वयंपाकघर गप्प झालं. इतकी वर्षं दीप्तीला हेच हवं होतं, आणि आता त्या शांततेत तिला कुकरची शिट्टीसुद्धा दचकवत होती. तरीही ती बोलली नाही. बोललं की रसिका जाणार, हेही तिला ठाऊक होतं.

सातव्या दिवशी राही आली. चाळिशीची, आखूड केसांची, मोजकं बोलणारी बाई. चंपाने घावणे आणि नारळाचं दूध केलं होतं. राहीने आवडीने खाल्लं आणि मग विचारलं, "तर मग, ऐकवताय ना?"

रसिकाने मान हलवली. "मी नाय गाणार, मॅडम. माझ्याच्याने होणार नाय. स्टेजवर माझा आवाज फुटतो." मग ती एकदम पुढे सरकली. "पण तुम्ही ताईला ऐका. ते गाणं तिचंच आहे. लिहिलंय तिने, चाल तिची. ती विशारद आहे. मला जे येतं ते तिनेच शिकवलंय."

सखाराम चमकून रसिकाकडे बघायला लागले. राहीने खांदे उडवले. "ठीक आहे. गा."

दीप्तीने नाही म्हणायला हवं होतं. ती उठली आणि की-बोर्डपाशी बसली. एकदा तरी कळू दे या बाईला, असं तिला वाटलं. ती गायली. एकही सूर हलला नाही, एकही श्वास चुकीच्या जागी पडला नाही.

"सुरेख तयारी आहे, दीप्तीताई. अगदी बिनचूक." राहीने पर्स उचलली. "तुम्ही शिकवत असाल तर मुलांचं भाग्य. आम्हाला मात्र वेगळं काहीतरी हवं होतं." आणि निघता निघता, सहज, सम्यककडे वळून म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ. अशा मुली पुष्कळ येतात आमच्याकडे. एक व्हिडिओ चालतो, आणि स्टेजवर उभं केलं की कळतं, आत काही नव्हतंच."

दीप्तीचं डोकं फिरलं. स्वतःला 'बिनचूक' म्हटलेलं ती गिळणार होती. पण रसिकाच्या आवाजात काही नाही? या आवाजापायी तिने तीन वर्षं धड झोप घेतली नव्हती. आणि ही कोण बाई, व्हिडिओ बघून आलेली, जिला फरक कळत नाही!

"आवाज फुटला नव्हता तिचा," ती मोठ्याने म्हणाली. "मी फोडला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"शोच्या दिवशी मी पट्टी चढवली. काळी चारऐवजी काळी पाच. हे बटण दोनदा दाबलं. तिला सांगितलं नाय. काळी पाचमध्ये तो सूर लागूच शकत नाय तिचा, आणि मला ते माहीत होतं." तिचा स्वतःचा आवाज आता कुठल्याच पट्टीत नव्हता. "तुम्ही बसा. ती गाईल. ऐकल्याशिवाय जाऊ नका."

सखाराम खाली बघत होते. चंपा दारात हातातलं ताट तसंच धरून उभी होती.

"दोनदा?" रसिकाने विचारलं.

"हो."

"चुकून नाय?"

"नाय."

रसिका रडेल, ओरडेल, अंगावर धावून येईल असं दीप्तीला वाटलं. रसिकाने फक्त की-बोर्डकडे बघितलं आणि सम्यकला म्हणाली, "दादा, ते बंद कर. मी पेटीशिवाय गाते."

ती भिंतीला टेकून, पायांची घडी घालून बसली आणि गायली. आधी आवाज थरथरला. वरच्या ओळीपाशी ती थांबली, एक श्वास घेतला आणि गेली. राही परत खुर्चीत बसली होती. पर्स मांडीवरून खाली कधी आली, ते तिला कळलं नाही.

रसिका पुढच्या सोमवारी सम्यकला घेऊन मुंबईला गेली. निघताना आईवडिलांच्या पाया पडली. दीप्ती गेटपाशी उभी होती. रसिका तिच्यासमोरून बॅग ओढत गेली. 'गमरेज'चे ठरलेले चार कार्यक्रम रद्द झाले आणि पोस्टर भिंतीवरून उतरलं. सखारामांनी दीडेक महिना दीप्तीशी शब्द काढला नाही. मग एक दिवस भात वाढून घेताना म्हणाले, "माझ्या पार्टीत एक होता. माझ्यापेक्षा वरचा आवाज त्याचा. मी त्याला माईक लांब ठेवायचो." ते जेवत राहिले. "पन तो भाऊ नव्हता माझा."

मे महिन्यात कंपनीकडून कागद आले. त्यांना 'उद्याचा झाला काल' नव्याने, मोठ्या वाद्यमेळात करायचं होतं. गीत-संगीत दीप्तीचं, म्हणून तिची सही हवी होती. कागदांसोबत रसिकाची चिठ्ठी नव्हती. दीप्तीने ते तीन दिवस कपाटात ठेवले. एकदा वाटलं, न दिली सही तर काय करतील? चौथ्या दिवशी सही करून पाठवले. गाणं आलं तेव्हा तिने आधी स्वतःचं नाव बघितलं. होतं, बारीक अक्षरात. मग हेडफोन लावून ऐकलं आणि दुसऱ्या कडव्यात रसिकाने केलेली घाई बरोबर पकडली. पकडल्याचा तिला आनंद झाला.

दीप्तीने घरीच मुलांना शिकवायला सुरुवात केली. शनिवारी-रविवारी अकरा मुलं यायची. त्यांतली दोन-तीन हमखास विचारायची, "रसिका गमरे तुमच्या कोण?"

"धाकटी बहीण," ती सांगायची. दर वेळी थोडं लागायचं.

डिसेंबरात रसिकाचा कार्यक्रम रत्नागिरीत ठरला. घरी पास आले, तीन. सखाराम आणि चंपा पुढे बसले. दीप्ती मागून, दिवे मंद झाल्यावर आत गेली आणि शेवटून तिसऱ्या रांगेत बसली. इतकी वर्षं ती रसिकाच्या मागे बसून वाजवत आली होती. समोरून तिला कधी ऐकलंच नव्हतं. गाताना रसिका एका हाताने ओढणीचं टोक चुरगळते, हे तिला पहिल्यांदा दिसलं. आवाज आणखी पिकला होता. दीप्तीला तो जुनाच मत्सर डसला, आणि तरी ती शेवटच्या गाण्यापर्यंत उठली नाही. शेजारची बाई मान डोलवत होती. दीप्तीला त्या बाईला सांगावंसं वाटलं की हिला सा मी दिला, पण सांगितलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती पडद्यामागे गेली नाही. रिक्षा करून घरी आली. हातपाय धुतेय तोवर फोन वाजला. नऊ महिन्यांनी रसिकाचं नाव दिसत होतं.

"आलेलीस काय?"

"आलेले."

"मग?"

दीप्तीला छान म्हणता आलं असतं. "दुसऱ्या कडव्यात घाई करतेस," ती म्हणाली. "रेकॉर्डमध्येपण केलीस, आजपण. 'उद्या येतो म्हणालास' नंतर थांबायचं. तो शब्द पोचू दे."

पलीकडे मागे कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"इथे कोणीच सांगत नाय," रसिका शेवटी म्हणाली. "सगळे छान छान करतात." मग आवाज कोरडा करून: "मी तुला माफ केलंय असं समजू नको."

"नाय समजत."

"आईला सांग, दादा आणि मी जेवायला येतोय. सकाळपास्नं काय खाल्लं नाय मी."

फोन बंद झाला. चंपा आणि सखाराम अजून वाटेत होते. दीप्तीने तांदळाचा डबा काढला, पाच माणसांचा भात धुतला आणि फ्रीजमधून बांगडे बाहेर काढून ठेवले.